लॅपटॉपचीही वही ठेवा



गटाच्या पैशातून घेतलेली वस्तू बिघडली की बैठकीतली बोलणीसुद्धा बिघडतात. शिलाई मशीन असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर लॅपटॉप असो. वस्तू सगळ्यांची असते, पण बिघाडाचा आळ कुणा एकीवर यायला वेळ लागत नाही. म्हणून आज आम्ही लॅपटॉपच्या दुरुस्तीबद्दल आणि वॉरंटीबद्दल बोलणार आहोत.

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या ग्रामसंघानं जून महिन्यात ३८,५०० रुपयांचा लॅपटॉप घेतला. वॉरंटी एक वर्षाची. गटांचे हिशेब, बँकेच्या कर्जाची कागदपत्रं, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यावरच. सप्टेंबरात तो चार्ज होईना. नाशिकला नेला, दुरुस्त झाला. जानेवारीत पुन्हा तेच. ऐन द्राक्षाच्या हंगामात दोघींनी मजुरी बुडवून एसटीनं तो नेला आणि आणला. मे महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला. या वेळी सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, "आत पाणी गेलंय. हे वॉरंटीत बसत नाही. मदरबोर्डाचे चौदा हजार भरा."

महिना शंभर रुपये बचत धरली, तर चौदा हजार म्हणजे १४० बायकांची एका महिन्याची बचत. बैठकीत सगळ्यांच्या नजरा लॅपटॉप चालवणाऱ्या ताईकडे वळल्या. तिच्या घरी लहान मूल आहे, त्यानंच पाणी सांडलं असेल, अर्धे पैसे तिनं भरावेत, असं बोलणं सुरू झालं. ती म्हणाली, "मग मी हे कामच सोडते."

तेव्हा कामाला आली ती लॅपटॉपची वही. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र आहे अद्ययावत लेखे. त्याच शिस्तीनं लॅपटॉप आला त्या दिवशी वही घातली होती. बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सीरियल नंबर, कुणी कधी नेला, कधी परत ठेवला, कधी बिघडला, सगळं तारखेनिशी. शिवाय सर्व्हिस सेंटरच्या तिन्ही जॉबशीट चिकटवलेल्या. बैठकीत त्या मोठ्यानं वाचल्या. तिन्हींवर तक्रार एकच, 'चार्जिंग होत नाही'. पहिल्या दोन वेळा मशीन उघडलं होतं, पण पाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तिसऱ्या वेळी मशीन ग्रामसंघाच्या कपाटातच बंद पडलं होतं, वहीत तशी नोंद होती. ताईवरचा आळ तिथेच मिटला.

मग आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र पाठवलं. त्यात तिन्ही बिघाडांच्या तारखा घातल्या आणि एवढंच विचारलं, की पाणी नेमकं कुठे आढळलं त्याचा फोटो आणि लेखी अहवाल द्या. फोटो आला नाही. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही आठवड्यांनी मदरबोर्ड एक रुपयाही न घेता बदलून मिळाला. बुडालेली मजुरी मात्र कुणी भरून दिली नाही.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी सांगतो.

खरेदी करताना बिल ग्रामसंघाच्या किंवा गटाच्या नावानं, सीरियल नंबरसह घ्या. बिल न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदाराला विचारा: माणूस गावात येऊन दुरुस्ती करणार, की आपण मशीन न्यायचं? बॅटरी आणि चार्जरची वॉरंटी किती? पडणं, पाणी सांडणं, वीज कमी-जास्त होऊन जळणं हे साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, म्हणून हे आधीच विचारा. आपल्याकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज वर-खाली होतं. मशीन अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावा, चांगला सर्ज प्रोटेक्टर वापरा. गादीवर किंवा मांडीवर ठेवून चालवू नका, खालून हवा अडली की ते तापतं.

दुरुस्तीला देताना आधी सगळ्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. चारही बाजूंनी फोटो काढा. जॉबशीट सहीआधी वाचा. त्यावर 'फिजिकल डॅमेज' असं लिहिलेलं असेल आणि ते खरं नसेल, तर 'मान्य नाही' असं लिहूनच सही करा. परत घेताना कोणता भाग बदलला ते लिहून मागा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणी कबूल करत नाही.

वॉरंटी संपत आली असेल तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. मुदतीतच लेखी तक्रार करा. तक्रार मुदतीतली असेल, तर नंतर 'आता वॉरंटी संपली' एवढ्यावर कंपनीला हात झटकता येत नाहीत.

हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. पण ती निकाल देत नाही, कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते. तिथे जमलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. नवा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यानं आपली मोठी सोय झाली. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. गरज पडली तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवतो.

एक मुद्दा तक्रारीत जरूर लिहा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही. म्हणून लॅपटॉप कोण चालवतं आणि कशासाठी चालवतं, ते स्पष्ट मांडा.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ती एकट्या गिऱ्हाइकाचं कुणी ऐकत नाही म्हणूनच. आपण तर आधीच दहा-दहा जणींनी एकत्र बसतो आणि एकेका रुपयाचा हिशेब लिहितो. तीच सवय वस्तूंनाही लावायची आहे.

तेव्हा येत्या बैठकीत एक विषय घ्या. गटाच्या सगळ्या वस्तूंची बिलं समोर मांडा. ज्याचं बिल सापडत नाही, त्याची दुसरी प्रत दुकानातून याच महिन्यात मागा. ज्यांची वॉरंटी चालू आहे, त्यांची शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. आणि १९१५ हा नंबर ग्रामसंघाच्या भिंतीवर रंगवून टाका.