सहा आठवड्यांनंतरची तारीख
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात बी विंगमधील एका सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सोसायटीच्या आठवणी सांगायला उभं केलंय. आठवण सांगते, पण थोडी वेगळी. धाकट्याला विचारूनच सांगतेय.

तो नववीत होता. सकाळी पोटात दुखायचं, शाळेची बस गेली की थांबायचं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लिफ्टमध्ये कुणी विचारलं की मी 'ॲसिडिटी' सांगायची! त्यात महिना गेला. म्हणजे पहिला उशीर आमचाच.

मग फोन केला, तर तारीख सहा आठवड्यांनंतरची. राग आला. पण मुलांचे तज्ज्ञ आहेत किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. शंभरात सात. आपल्या खालच्या ग्राउंडवर खेळणारी मुलं मोजा.

त्या दिवसांत टेली-मानसचा १४४१६ हा नंबर कामी आला. सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिकडच्या ताईंनी आधी मलाच शांत केलं. मी वही घातली: झोप किती, जेवण किती, कुठल्या वाराला जास्त दुखतं. गणिताच्या तासाचे वार निघाले! ती वही पाहून डॉक्टरांची पहिली भेट माहिती विचारण्यात गेली नाही.

आणि रिसेप्शनवर सांगून ठेवलं, कुणी रद्द केलं तर आम्हाला कळवा. तिसऱ्याच आठवड्यात फोन आला. कुणीतरी येत नाही म्हणून वेळेवर कळवलं होतं, म्हणून. तेव्हा जाणार नसाल तर एक फोन कराच हो. ती वेळ दुसऱ्या मुलाला मिळते.

एक मात्र, मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर तारखेची वाट बघायची नाही. एकटं सोडायचं नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

सोसायटी ऑफिसची मागची खोली शनिवारी रिकामी असते. महिन्यातून एकदा तिथे समुपदेशक बसावेत, असा अर्ज मी कमिटीला दिलाय. दार मागच्या जिन्याकडून उघडतं, त्यामुळे कोण आलं-गेलं ते वॉचमनकाकांनाही दिसणार नाही. येत्या जनरल बॉडीत विषय येईल, तेव्हा कोरम पूर्ण होईल एवढे तरी या.