सहस्राक्ष क्रीडांगण

आंधळी कोशिंबीर हा खेळ ज्या घरात मुले आहेत त्या घराला नवा नाही. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी, त्याच्यावर राज्य. बाकीचे भिडू त्याला हुलकावणी देणारे. आता श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की सर्वच भिडूंचे डोळे बांधलेले आहेत, सर्वच फिरत आहेत, आणि तरीही कोणी कोणावर आदळत नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी २०१५ साली ‘झीरो लेटन्सी’ या संस्थेने उघडलेल्या क्रीडागृहात ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. दालन सुमारे ४०० चौरस मीटरांचे, अगदी मोकळे. खेळाडू एका वेळी ६. प्रत्येकाच्या डोक्यावर डोळ्यांपुढे पडदे असलेले शिरस्त्राण, पाठीवर संगणक आणि हाती खोटी बंदूक. पडद्यावर आभासी नगरी उभी राही. भोवती मात्र रिकाम्या जमिनीवाचून काही नसे.

अशा वेळी कोण कोठे उभा आहे, हे कोणीतरी सतत पाहत राहिले पाहिजे. ते काम १२९ कॅमेऱ्यांकडे होते. हे कॅमेरे काही दुर्मिळ नव्हते. घरगुती व्हिडिओ खेळांसाठी बाजारात मिळणारे ते स्वस्त कॅमेरे. शिरस्त्राणावर आणि बंदुकीवर रंगीत प्रकाशाचे गोलक बसवलेले असत, आणि कॅमेरे त्यांचाच माग घेत.

एका कॅमेऱ्याला गोलकाची केवळ दिशा कळते, अंतर कळत नाही. दोन जागी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या दृष्टिरेषा जेथे मिळतात, तेथे गोलक असतो. तत्त्व जुनेच आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा आणि १८२३ साली हिंगणघाट येथे निधन पावलेला विल्यम लॅम्बटन याच रीतीने डोंगरमाथ्यांची स्थाने ठरवीत असे. त्याला एका त्रिकोणासाठी दिवसच्या दिवस खर्ची घालावे लागत. येथे तेच गणित सेकंदाला अनेक वेळा सुटते.

मग दोनच कॅमेरे का पुरत नाहीत? कारण माणसाचे शरीर पारदर्शक नाही. एक खेळाडू दुसऱ्याच्या आड येतो, कोणी खाली वाकतो आणि गोलक झाकला जातो. म्हणून जमिनीचा प्रत्येक भाग अनेक कॅमेऱ्यांच्या टप्प्यात ठेवावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. मान वळली की कानातील तोलाचे इंद्रिय ते तत्काळ जाणते. पडद्यावरील दृश्य मागे रेंगाळले, तर डोळा आणि कान यांची साक्ष जुळत नाही, आणि माणसाला बोट लागल्यासारखे मळमळू लागते. हा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे जाणकार मानतात. त्यामुळे संगणकाला मान पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाजही बांधावा लागतो.

पुढे कॅमेरे छतावरून उतरून शिरस्त्राणातच जाऊन बसले. २०१९ साली बाजारात आलेल्या ‘ऑक्युलस क्वेस्ट’मध्ये ही योजना होती, झीरो लेटन्सीनेही नंतर हीच वाट धरली. आता शिरस्त्राणच भिंती आणि जमीन पाहून स्वतःचे स्थान ओळखते. छतावरील जाळ्याचा खर्च वाचला, पण जबाबदारी वाढली. सर्व शिरस्त्राणांचा नकाशा एकच असावा लागतो. दोघांच्या नकाशांत हातभराचा फरक पडला, तर पडद्यावर दूर दिसणारा सोबती प्रत्यक्षात अंगावर येऊन आदळेल.

येथवरचा प्रश्न शरीराच्या सुरक्षिततेचा झाला. त्याहून खोल प्रश्न ओळखीचा आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले की, काळोखात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर लावलेले मोजके दिवे तेवढे दिसले, तरी पाहणाऱ्याला मनुष्याची चाल ओळखता येते. यंत्र त्याच्याही पुढे गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२० साली ५११ व्यक्तींची डोके व हात यांची हालचाल तपासण्यात आली. प्रत्येकी पाच मिनिटांहूनही कमी नोंदीवरून संगणकाने शंभरांत ९५ वेळा नेमकी व्यक्ती ओळखली. २०२३ च्या एका अभ्यासात ५०,००० हून अधिक खेळाडूंतून केवळ १०० सेकंदांच्या हालचालींवरून माणूस ओळखण्यात सुमारे ९४ टक्के यश आले.

याचा अर्थ उघड आहे. नाव लपवता येते, तोंडावर फडके बांधता येते. पण मान वळवण्याची लकब कोठे लपवणार? खेळाडूला टकरीपासून वाचवायचे, तर त्याची प्रत्येक हालचाल टिपली पाहिजे. आणि जी हालचाल त्याचे रक्षण करते, तीच त्याची ओळख उघडी करते. तेव्हा खेळ संपल्यावर ती नोंद पुसली जाते की राखली जाते, राखली तर कोणाच्या हाती आणि किती काळ, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला असलाच पाहिजे. आंधळ्या कोशिंबिरीत डाव संपला की पट्टी सुटते आणि राज्यही उतरते. या नव्या खेळातही डाव संपल्यावर पाहणाऱ्याने आपले डोळे मिटावेत, एवढी अपेक्षा काही अवास्तव नव्हे.