चांगला शिंपी आणि रास्त शिलाई

घरात लग्न निघाले म्हणजे सोनाराची आठवण सर्वांत आधी होते आणि शिंप्याची सर्वांत शेवटी. परंतु लग्नाच्या दिवशी वधूची चोळी काखेत काचू लागली, तर हातातल्या पाटल्यांनी ती उणीव भरून निघत नाही. स्त्रियांचे कपडे नीट शिवणारा आणि परवडेल असा शिंपी कोठे मिळेल, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण ज्या घरात दोन-तीन स्त्रिया आहेत, त्या घरात तो वर्षातून चार वेळा तरी उभा राहतो.

एके काळी तो इतका बिकट नव्हता. लुगड्यास शिवणीची गरज नसे, आणि चोळीस गुळेदगुड्डाचा एक खण पुरे होई. चोळीची गाठ समोर बांधावयाची असल्यामुळे ती अंगाप्रमाणे सैल वा घट्ट करता येई; मापात थोडे उणेअधिक झाले तरी गाठ ते सांभाळून घेई. जुन्या गावगाड्यात शिंप्याची गणना बलुतेदारांत न होता अलुतेदारांत होत असे, यावरूनही त्याच्या कामाची गरज लोहार-सुतारांइतकी नित्याची नव्हती, हे दिसून येते. पुढे पोलके आले, झंपर आले, आणि गाठीची जागा बटणांनी व हुकांनी घेतली. हुकाची जागा एकदा ठरली म्हणजे ठरली. गाठीवर असलेली जबाबदारी तेव्हापासून शिंप्याच्या कात्रीवर येऊन पडली.

आता हा प्रश्न राळेगणसिद्धीसारख्या गावातून पाहावा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील हे गाव कमी पावसाच्या मुलखात वसलेले आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथील गावकऱ्यांनी नाल्यांवर बांध घातले, उतारावरून वाहून जाणारे पाणी अडविले आणि ते आपल्याच शिवारात मुरविले. पूर्वी ज्यांना पोटासाठी बाहेरगावी कामास जावे लागे, अशा अनेकांस त्यामुळे गावातच काम मिळू लागले. ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्यातील हिशेब मात्र पाण्यापुरताच नाही. तो शिलाईच्या पैशासही लागू पडतो.

समजा, गावातील एखादी बाई पोलक्याची शिलाई ३०० रुपये सांगते आणि शिरूर किंवा अहिल्यानगर येथील दुकानदार २५०. वरवर पाहता ५० रुपये वाचले. पण कापड देण्यास एक खेप, कपडा आणण्यास दुसरी, आणि बाही घट्ट झाली तर दुरुस्तीस तिसरी! एस. टी.चे भाडे आणि तीन दिवसांची बुडालेली कामे मिळविली, म्हणजे स्वस्त शिलाई कोणती ते कळून येते. पुण्यामुंबईच्या गृहिणीसही हाच हिशेब लागू आहे, तेथे एस. टी.च्या जागी रिक्षा येते, एवढेच.

तथापि जवळचा शिंपी चांगला असलाच पाहिजे, आणि ते पारखण्याची रीत अवघड नाही. त्याने शिवलेला कपडा उलटा करून पाहावा. सुलट बाजू कोणीही सजवितो. कसब दिसते ते उलट बाजूस. टीप सरळ आहे काय, दोऱ्यांची टोके लोंबत नाहीत ना, गळ्याची पट्टी उरेब कापडाची असून ती चुण्या न पडता बसली आहे काय, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कडांच्या शिवणीत इंचभर कापड राखले आहे काय, हे पाहावे. शिवणीत कापड राखणारा शिंपी गिऱ्हाईकाच्या पुढच्या दोन वर्षांचा विचार करतो. अंग भरले तरी तो कपडा उसवून वाढविता येतो. कापड कापून टाकले असेल, तर तो बोहारणीच्या गाठोड्यातच जावयाचा.

पहिल्याच वेळी भारी रेशमी कापड कोणाच्याही हाती देऊ नये. आधी साधे सुती पोलके शिवून घ्यावे आणि ते घालून हात वर करून पाहावा. खुरपणी करणारी असो की लोकलगाडीत कडी धरून उभी राहणारी असो, कपडा फाटतो तो मुंढ्यातच. अंगास नीट बसणारे जुने पोलके मापासाठी सोबत दिले, म्हणजे निम्मी चूक टळते. शिवाय परक्या पुरुषाने माप घेणे ज्यांना अवघड वाटते, त्यांचा संकोचही वाचतो. सुती कापड आणि विशेषतः अस्तर शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे. वरचे कापड तसेच राहून अस्तर आटले, म्हणजे पहिल्याच धुण्यात पोलके आखडते आणि शिव्या मात्र शिंप्यास मिळतात. वैशाखातल्या लग्नाचे काम फाल्गुनात द्यावे. घाईच्या दिवसांत उत्तम कारागिराचाही हात चुकतो.

शेवटी दराविषयी. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथे स्त्रियांस इतर विद्यांबरोबर शिवणकामही शिकविले जाऊ लागले. विधवा वा निराधार स्त्रीस कोणाच्या तोंडाकडे न पाहता चार पैसे मिळविता यावेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९३०-४० च्या दशकात कलकत्त्यास 'उषा' शिवणयंत्रे तयार होऊ लागली, आणि यंत्र मध्यमवर्गीय घरांच्या ओसरीवर येण्यास मदत झाली. आज गल्लीगल्लीत पोलकी शिवणारी बाई ही त्याच परंपरेतील होय. परंतु 'ती तर घरीच बसलेली असते' असे म्हणून तिच्याशी दहा-वीस रुपयांसाठी जेवढी घासाघीस होते, तेवढी पाटी लावलेल्या दुकानदाराशी होत नाही. घरी बसून केलेल्या कामासही डोळे आणि पाठ तेवढीच लागते, हे घासाघीस करणारी गृहिणी स्वानुभवाने जाणते. तरीही नेमके येथेच तिला त्याचा विसर पडतो.

ज्या शिलाईत शिवणाऱ्या हाताचे पोट भरत नाही, तो हात फार दिवस चांगला राहत नाही. तो घाई करतो, शिवणीतले कापड कापतो, नाही तर यंत्र विकून दुसरे काम धरतो; आणि गिऱ्हाईक पुन्हा नव्या शिंप्याच्या शोधात दारोदार हिंडू लागते. म्हणून चांगला शिंपी एकदा सापडला, की त्यास वेळेवर काम, स्पष्ट माप आणि रास्त दाम देऊन राखावा. राळेगणने पाणी अडविले तेव्हा विहिरी भरल्या. शिलाईचा पैसा आपल्याच गावात, आपल्याच आळीत मुरला, तर उद्या एखाद्या घरची मुलगी कात्री हाती धरील, आणि शिंपी कोठे मिळेल हा प्रश्न शेजारच्याच दारात सुटेल.