यकृतातले रहिवासी आणि रक्तातले फिरस्ते

ताप हटत नाही म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेलं, की तिथं दंडातून थोडं रक्त काढून घेतात आणि संध्याकाळी एक कागद हातात पडतो. त्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा असतो. एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असल्या म्हणजे ठीक, असे धरतात. या पेशी रोगजंतूंशी झुंजतात हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. आकडा बरोबर आला की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु ही मोजदाद फक्त वाटेवरच्यांची आहे. सडकेवरून जाणारी-येणारी माणसे मोजून गावात किती कुटुंबे नांदतात, ते कसे कळावे? शरीराच्या निरनिराळ्या अवयवांत आपली जागा न सोडणाऱ्या संरक्षक पेशी असतात. त्यांपैकी यकृतातल्या पेशींविषयी आज बोलायचे आहे.

यकृत म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्या भाषेने यात थोडा घोळ घातला आहे. ‘काळजात धस्स झालं’ म्हणताना आपण हात छातीवर ठेवतो. पण खाटकाकडे कलेजी मागितली तर तो देतो ते यकृत! माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांच्या आड असते. वजन सुमारे दीड किलो. शिक्षकांनी वर्गात मुलांना एक हिशेब घालावा. हृदय स्वस्थपणी दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा यकृतातून जातो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम पन्नासाव्या भागाला एवढे रक्त कशासाठी? तर त्यातले पाऊण रक्त थेट हृदयाकडून आलेलेच नसते. ते आतड्यांकडून फिरून आलेले असते. पचलेल्या अन्नाचा रस त्यात असतो, आणि त्याबरोबर आतड्यातल्या जंतूंचे तुकडे, क्वचित जिवंत जंतूही. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे, आणि आत येणारा माल तिथे उघडून पाहत. तसे हे ठिकाण आहे.

या नाक्यावर कोण बसलेले असते, ते १८७६ साली कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नजरेस पडले. तो शोधत होता यकृतातल्या मज्जातंतूंना. सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या पातळ कापांत त्याला चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. आज त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत त्या पाय रोवून बसतात आणि समोरून मंद गतीने वाहणाऱ्या रक्तातले जंतू व म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी गिळतात. उंदराच्या शिरेत जंतू सोडले तर त्यांतले बहुतेक काही मिनिटांतच यकृतात अडकलेले सापडतात. शरीरातल्या अवयवांत वस्तीला असलेल्या अशा भक्षक पेशींपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक एकट्या यकृतात आहेत.

रक्तातही यांची भावंडे फिरत असतात. त्यांचे नाव मोनोसाइट. हाडांच्या मगजात जन्मायचे, एक-दोन दिवस, फार तर काही दिवस रक्तात हिंडायचे, आणि कुठे दुखापत झाली की तिकडे धावायचे, हा त्यांचा क्रम. १९६० नंतरची कित्येक वर्षे विद्वानांचे मत असे होते, की कुप्फर पेशी म्हणजे यकृतात येऊन स्थिरावलेल्या मोनोसाइटच. मांडणी सोपी होती, पटण्याजोगी होती. म्हणूनच ती पुस्तकांत टिकली. पुढे उंदरांच्या गर्भातल्या पेशींवर कायमची खूण करून त्यांची वंशावळ पाहता येऊ लागली, आणि २०१० नंतरच्या वर्षांत निराळेच दिसून आले. कुप्फर पेशींचे पूर्वज गर्भावस्थेतच यकृतात येऊन राहतात. पुढे त्या तिथल्या तिथे विभागून आपली संख्या राखतात. रक्ताकडे माणसे मागावी लागत नाहीत.

मात्र काही कारणाने कुप्फर पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या, तर रक्तातले मोनोसाइट त्या रिकाम्या जागी येतात. आणि मौज अशी, की दत्तक आलेला मुलगा जसा त्या घराचे कुळाचार उचलतो, तसे थोड्याच दिवसांत ते जवळजवळ कुप्फर पेशींसारखेच वागू लागतात. म्हणजे जन्माइतकीच वस्तीही महत्त्वाची.

भक्षक पेशींखेरीज दुसरी एक जात असते, तिला नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. रक्तातल्या लसिका पेशींत त्या सुमारे दहावा हिस्सा असतात, तर यकृतात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. त्यांतल्या पुष्कळशा यकृत सोडून जात नाहीत. हे कळले ते यकृतरोपणाच्या रोग्यांवरून. दुसऱ्याचे यकृत बसवल्यानंतर तब्बल १३ वर्षांनीही दात्याच्या अशा पेशी त्या यकृतात सापडल्या, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

आता स्वभावाचे बघा. आतड्यांकडून दिवसभर परका माल येत असतो. प्रत्येक घासाला यकृत खवळू लागले तर माणूस जगणार नाही. म्हणून इथल्या पेशींचा कल सबुरीकडे असतो. डुकरांवर केलेल्या प्रयोगांत, परके यकृत औषधांशिवायही पुष्कळदा टिकते, असे केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९६९ साली दाखवले. परके मूत्रपिंड तसे टिकत नाही.

परंतु या सबुरीचा फायदा शत्रूही घेतो. हिवतापाचा जंतू यकृतात शिरताना कित्येकदा कुप्फर पेशींमधूनच वाट काढतो. आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू तर वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडतो. डोळे पिवळे होत नाहीत, भूक लागते, माणूस शेतात राबतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही बिनचूक येतो. आणि आत यकृत हळूहळू कठीण होत जाते, काहींना कर्करोगही होतो. या विषाणूला ओळखणाऱ्या काही लढाऊ पेशी यकृतातच मुक्काम करतात. ज्यांनी विषाणू बऱ्यापैकी आटोक्यात ठेवला आहे, त्यांच्या यकृतात त्या अधिक आढळल्या आहेत. रक्त तपासून त्या दिसत नाहीत. त्यासाठी यकृतात सुई घालून नमुना घ्यावा लागतो, आणि तो काही सहज घेण्याचा प्रकार नव्हे.

विषाणू आहे की नाही, एवढे मात्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळते. ती मुद्दाम करून घ्यावी लागते. गरोदर बाईची ती अवश्य व्हावी, कारण जन्मताना आईकडून हा विषाणू लागलेल्या बालकांपैकी शंभरात नव्वदांच्या आसपास तो कायमचा राहतो. धडधाकट प्रौढांत हेच प्रमाण पाचाहूनही कमी आहे. बाळाच्या शरीराची तयारी अजून अपुरी असते, हेही त्याचे एक कारण. म्हणून लशीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. बारशापर्यंत थांबायचे नाही. आई बाधित असेल तर बाळाला लशीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही देतात. लस टोचतात मांडीत. तिच्यामुळे तयार होणारी प्रतिद्रव्ये रक्तात फिरत राहतात आणि विषाणूला यकृताच्या पेशीत शिरण्याआधी, वाटेतच गाठतात.