मूठभर धान्य आणि विद्यार्थ्यांची झोळी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशा चतुर्विध दानाची परंपरा जैन समाजात प्राचीन काळापासून चालत आली आहे. त्यागी व्रतींना दिलेला आहार हे पात्रदान, तर भुकेल्या जीवाला दयाबुद्धीने दिलेले अन्न हे करुणादान होय. गावोगावची अन्नछत्रे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. अन्नछत्र सुरू करणे त्या मानाने सोपे असते. एखादा उदार दाता पुढे येतो, शुभमुहूर्तावर चूल पेटते, फलक लागतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. पुण्यतिथीला, विवाहाच्या वाढदिवसाला किंवा पर्युषण पर्वात एकाच दिवसासाठी दोन-दोन दाते पुढे येतात. मात्र आषाढातल्या एखाद्या साध्या मंगळवारी एकही नसतो. भूक मात्र तिथी पाहून लागत नाही. ज्या अन्नछत्राचा भार एका-दोघांच्या खांद्यावर असतो, ते त्यांच्या व्यापारातील तेजी-मंदीबरोबर वर-खाली होते आणि त्यांच्या पश्चात बहुधा बंद पडते.

या प्रश्नाचे उत्तर याच मातीत शंभर वर्षांपूर्वी शोधले गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. 1919 मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 पासून साताऱ्यात सर्व जाती-धर्मांच्या मुलांचे वसतिगृह चालविले. मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. या कार्यास मोठ्या देणग्यांइतकाच सामान्य रयतेच्या मूठभर धान्याचा आधार होता. दळणापूर्वी गृहिणीने एक मूठ धान्य बाजूला काढावयाचे, एवढीच ती योजना. धनिक आणि शेतमजूर यांना दानाच्या एकाच पंगतीत बसविणारी अशी दुसरी युक्ती क्वचितच सापडेल.

त्याच वसतिगृहाची आणखी एक हकिकत सर्वश्रुत आहे. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही विकले. हा त्याग वंदनीय आहेच. व्यासपीठावरून त्याचे गुणगान नेहमी होते. परंतु त्यात समाजासाठी एक इशाराही आहे. कोठार रिकामे झाले की संपूर्ण भार कोणा एका माउलीच्या गळ्यावर येतो. शेकडो घरांच्या मुठी वेळेवर उघडल्या, तर कोणा एकीला गळ्यातले काढून द्यावे लागत नाही. अन्नछत्राची खरी श्रीमंती दात्याच्या रकमेवर मोजावयाची नसून दात्यांच्या घरांच्या संख्येवर मोजावयाची असते.

ही संख्या वाढविण्याचे सामर्थ्य विद्यार्थ्यांमध्ये आहे. याचा हिशेब अगदी सरळ आहे. एक मूठ म्हणजे सुमारे 50 ग्रॅम धान्य. 200 घरांतून रोज एक मूठ निघाली, तर दिवसाला 10 किलो आणि वर्षाला 3,650 किलो धान्य जमते. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलास दररोज 150 ग्रॅम धान्य हे प्रमाण ठरलेले आहे. त्या मापाने रोज 66 ताटांचे धान्य केवळ मुठीतून उभे राहते. एका विद्यार्थ्याकडे दहा घरे दिली, तर वीस विद्यार्थी पुरे होतात. आठवड्यातून एकदा फेरी केल्यास प्रत्येकाच्या कापडी पिशवीत साडेतीन किलो धान्य येते. ते कोणासही सहज उचलता येईल. दर आठवड्याला नेल्याने धान्यास कीड लागत नाही आणि जीवहिंसाही टळते.

वेळेचेही तसेच आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 1969 साली, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षास 120 तास सेवा करणे अपेक्षित असते. आठवड्यास दोन तास दिले, तरी वर्षाचे 104 होतात. अभ्यासात व्यत्यय येईल ही पालकांची चिंता रास्त आहे. तथापि दोन तासांनी कोणाचे वर्ष वाया जात नाही. सुखवस्तू घरातील मुलाने दारोदार झोळी घेऊन जावे काय, असाही प्रश्न काही जण विचारतात. स्वतःसाठी पसरलेला हात आणि दुसऱ्याच्या भुकेसाठी पसरलेला हात यांत फार अंतर आहे. दुसऱ्यासाठी मागताना अहंकार गळून पडतो आणि नकार शांतपणे ऐकण्याची सवय लागते. हे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

मागण्याइतकेच महत्त्व वाया जाणारे अन्न वाचविण्यास आहे. या बाबतीत परदेशातील एक उदाहरण अनुकरणीय ठरेल. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी 2011 मध्ये भोजनगृहात रात्री शिल्लक राहणारे चांगले अन्न टाकून दिले जाते, हे पाहिले. त्यांनी ते जवळच्या गरजूंच्या केंद्रांपर्यंत स्वतः नेण्यास प्रारंभ केला. पुढे इतर अनेक महाविद्यालयांनी हा उपक्रम उचलला. सद्भावनेने अन्न देणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा त्या देशात 1996 पासून होता; उणीव होती ती नेणाऱ्या हातांची, आणि ती मुलांनी भरून काढली. भारतातही अतिरिक्त अन्नाचे संकलन आणि वाटप यांसंबंधी 2019 साली नियम झाले आहेत. मंगल कार्यालयांतील न वाढलेले, ताजे व सुरक्षित अन्न वेळेत योग्य ठिकाणी पोहोचविणे हे काम नियम समजून घेतलेल्या तरुणांनीच हाती घ्यावयास हवे.

तिसरे काम हिशेबाचे. विश्वास हेच धर्मादाय कार्याचे भांडवल होय. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला जमा-खर्च लिहावा: किती धान्य आले, किती शिजले, किती पाने उठली, किती शिल्लक राहिले. तो अन्नछत्राच्या दारावर लावावा आणि मूठ देणाऱ्या प्रत्येक घरी वाचून दाखवावा. आपली मूठ कोठे गेली हे ज्या गृहिणीस कळते, ती पुढची मूठ न मागता काढून ठेवते.

विद्यार्थ्यांनी एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जेवणाऱ्याचे छायाचित्र काढू नये, त्याचे नाव-गाव विचारू नये आणि त्याला दात्याचे आभार मानावयास लावू नये. त्याचा स्वाभिमान दुखावून दिलेले अन्न पोट भरते. पण त्या दानातील करुणा निघून जाते. पाहुण्याला वाढावे तसेच त्याला वाढावे.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत दात्यांची नावे शिलाफलकांवर कोरली गेली, हे उचितच झाले. यापुढे ज्यांची नावे कोठेही कोरली जाणार नाहीत अशा शेकडो घरांपर्यंत पोहोचावयाचे आहे. वडीलधाऱ्यांनी घरातील धान्याच्या डब्याशेजारी एक छोटा डबा ठेवावा आणि येत्या रविवारी दारावर येणाऱ्या मुलास रिकाम्या हाताने परत पाठवू नये, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.