चंद्रकळेची उलट बाजू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवनहळ्ळी येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘काहीतरी बोला’ असे फर्माविले, तेव्हा केंद्र सरकारच्या सेवेतील गृहस्थ आता नियम आणि परिपत्रकेच वाचून दाखविणार, अशी धास्ती आपणांपैकी काहींना वाटली असेल. ती आम्ही आरंभीच दूर करतो. आज आम्ही भरतकामाविषयी बोलणार आहोत. सुईत दोरा ओवण्यापलीकडे या विद्येत आमची गती नाही. सौभाग्यवती समोरच बसल्या असल्यामुळे ही कबुली आधी दिलेली बरी. परंतु गेले सहा महिने आमच्या घरात आमच्या मातोश्री आणि आमची कन्या यांच्यामध्ये जे काही चालले, त्याचे आम्ही जवळचे साक्षीदार आहोत, आणि तेवढ्याच अधिकाराने बोलत आहोत.

आपल्या या देवनहळ्ळीची ओळख बाहेरच्या माणसाला 2008 साली सुरू झालेल्या विमानतळामुळे होते. त्यापूर्वी ती टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून, आणि खवय्यांना येथल्या चकोत्यामुळे, म्हणजे आपल्या पपनसामुळे, होत असे. जवळच्या विजयपुरा, शिडलघट्टा या गावांतून रेशमाच्या कोशांचा व्यापार चालतो. म्हणजे रेशीम आम्हांस शेजारचे. परंतु ज्या रेशमाची ही हकीकत आहे, ते मात्र धारवाडचे.

मातोश्रींचे माहेर धारवाडला. त्या भागात मुलीच्या लग्नात जी लुगडी देत, त्यांत एक काळी रेशमी चंद्रकळा असे आणि तिच्यावर कसूती भरलेली असे. आमच्या आजीने मातोश्रींच्या लग्नासाठी अशी चंद्रकळा स्वतः भरली. पदरावर गोपुरे, तुळशीवृंदावन, हत्ती, पालखी आणि एक रथ. लग्नानंतर हे लुगडे संक्रांतीला बाहेर निघे आणि पुन्हा ट्रंकेत जाई. गेल्या संक्रांतीला ते उलगडले, तो घडीच्या रेघांवर रेशीम उसवून आलेले. हाताचा दाब पडताच आणखी दोन बोटे फाटले. मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी लुगडे तसेच मांडीवर ठेवले आणि रथावरून बराच वेळ बोट फिरवीत राहिल्या. आता त्यांचा हात कापतो, एका डोळ्याने नीट दिसत नाही. नवे भरणे त्यांच्याकडून व्हायचे नाही.

आमच्या कन्येने हे पाहिले. ती संगणकाच्या व्यवसायातली. तिच्याजवळ टॅब्लेट आहे, म्हणजे ती काचेची पाटी, जिच्यावर खास लेखणीने चित्र काढता येते. (हे नाव मातोश्रींना सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीचे वाटते, त्यामुळे घरात काही दिवस बराच घोटाळा झाला.) ‘आजी, तू काळजी करू नकोस, मी हे सगळं उतरवून घेते आणि मशीनवर भरून देते,’ असे म्हणून ती कामाला लागली.

येथे कसूतीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात. हातच्या सुताचे काम ती कसूती, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. तिचे मुख्य टाके चार. गवंती हा त्यांतला प्रमुख. त्याचे नाव ‘गंटु’ म्हणजे गाठ या शब्दावरून आले असे म्हणतात, आणि गंमत अशी की या कामात गाठ कोठेच मारावयाची नसते. जिन्याच्या पायऱ्यांसारखा जातो तो मुर्गी, विणल्यासारखा दिसतो तो नेगी आणि मेथीच्या दाण्यांसारखी फुली पडते ती मेंथी. कापडावर आकृती आधी काढून घेत नाहीत. धागे मोजावयाचे आणि सुई धाग्यांच्या मधून काढावयाची. गवंतीची सुई एक टाका वर, एक टाका खाली अशी रेषेच्या टोकापर्यंत जाते, आणि परतताना जागोजाग मोकळ्या राहिलेल्या जागा भरीत येते. त्यामुळे कापड सुलट धरा वा उलट, नक्षी तीच. शासकीय हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च असे चोख जुळताना आम्ही क्वचितच पाहिले आहेत.

कन्येचा पहिला प्रयत्न असा. तिने पदराचे छायाचित्र घेतले आणि ते एका तयार कार्यक्रमास दिले. कार्यक्रमाने दोन मिनिटांत भरतकामाचा आराखडा पुढे ठेवला. तो छोट्या साठवणीतून घरच्या भरतकामाच्या यंत्रात घातला, दहा सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चौकटीत कापड ताणले, आणि यंत्र खडखडू लागले. अर्ध्या तासात गोपूर तयार! आम्हीच नव्हे, शेजारचे लोकही पाहावयास आले. कन्येने ते मातोश्रींच्या हाती दिले. त्यांनी सुलट बाजूकडे पाहिलेसुद्धा नाही. प्रथम कापड उलटे केले. मागे बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याचे जाळे, मधूनमधून लोंबणारी टोके आणि चिकटून राहिलेला कागद. ‘अगं, हे भरलं आहे की शिवलं आहे?’ एवढेच त्यांनी विचारले आणि कापड घडी करून बाजूला ठेवले.

कन्या त्या रात्री जेवली नाही. आम्हांस मातोश्रींचा थोडा रागच आला. पोरीच्या उत्साहावर असे पाणी ओतावयास नको होते, असे वाटले. मातोश्रींचे म्हणणे रास्त होते, हे आमच्या ध्यानात यावयास आणखी काही दिवस लागले.

कार्यक्रमाने चित्रातल्या रेषा रेषा म्हणून वाचल्याच नव्हत्या. त्याला ते रंगाचे ठिपके वाटले, आणि ते त्याने दाट टाक्यांनी लिंपून काढले. अशा भरावात टाक्यांच्या दोन ओळींमध्ये सुमारे 0.4 मिलिमीटर अंतर असते. पातळ कापड तेवढा दोरा सोसत नाही, त्याला चुण्या पडतात. दुसरी गोष्ट अधिक मुळातली. हाताच्या सुईत दोरा एक. यंत्रात दोन, एक वरचा आणि एक बॉबिनचा, आणि ते कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. 1863 साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली याने धोट्याचे भरतकाम-यंत्र केले, तेव्हापासून ही दोन दोऱ्यांची रीत चालत आली आहे. वरचा दोरा किंचित मागे ओढला जावा, असाच ताण त्यात ठेवतात, म्हणजे सुलट बाजू स्वच्छ दिसते. थोडक्यात, यंत्राला पाठ असते. कसूतीला पाठ नाही.

हे आम्हांस पूर्वीच कळते, तर पैसे वाचले असते. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आम्ही सौभाग्यवतींसाठी ‘अस्सल कसूती’ म्हणून साडी आणली होती. घरी मातोश्रींनी पदर उलटला आणि आमच्याकडे नुसते पाहिले. कसूतीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, 1999 सालचा कायदा त्यासाठी आहे. पण कायदा दुकानात पदर उलटून पाहावयास येत नाही.

दुसऱ्या खेपेस कन्या छायाचित्राच्या वाटेला गेली नाही. तिने टॅब्लेटवर चौकटींची जाळी आखली, एका टाक्याला एक घर, आणि आजीच्या शेजारी बसली. ‘आजी, तू सांग, मी काढते.’ मातोश्री डोळे मिटून सांगू लागल्या, आणि आम्ही चकित झालो, कारण त्या कन्नडमध्ये मोजीत होत्या: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. साठ वर्षे आमच्याशी मराठीत बोलणाऱ्या आमच्या आईने ही नक्षी धारवाडच्या शेजारणींच्या अंगणात शिकली होती, आणि तिची मोजणी त्याच भाषेत राहिली होती. मराठीत सांगू गेल्या की त्या अडखळत. शेवटी कन्येनेच कन्नड अंक पाठ केले. बेंगळुरूत वाढलेल्या मुलीस ते जड नव्हते. आम्हांसच जड गेले.

आता प्रश्न वाटेचा होता. यंत्राला एका रेषेवरून दुसरीकडे उडी मारावयास लावले की मागे लोंबता दोरा राहतो. न उडता, न तोडता सगळ्या रेषा कशा गाठाव्यात? आम्ही पडलो बी. ए.; गणित आम्ही शाळेतच सोडून दिले. कन्येने सांगितले की हा प्रश्न ऑयलर नावाच्या गणितज्ञाने 1736 साली कोनिग्जबर्गच्या सात पुलांच्या निमित्ताने सोडविला आहे. ज्या ठिकाणाहून निघावयाचे, तेथेच प्रत्येक पूल एकदाच ओलांडून परतावयाचे असेल, तर प्रत्येक ठिकाणी मिळणाऱ्या पुलांची संख्या सम हवी. प्रत्येक रेषेवरून दोनदा जावयाचे ठरविले की ती आपोआप सम होते! म्हणजे गवंतीची जा-ये ही वाट नेहमीच सापडणार, कोणत्याही जोडलेल्या नक्षीत. आमच्या आजीस ऑयलर ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तिचा दोरा जेथून निघे तेथेच परत येई.

इंकस्टिच नावाचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आहे. टॅब्लेटवरच्या रेषा संगणकावर त्यात घालून दोन मिलिमीटरचे साधे टाके करविले. बॉबिनमध्ये वरच्याच रंगाचा दोरा भरला. तरी यंत्राची जा-ये हातासारखी होत नाही. हात जाताना अर्धे टाके घालतो आणि येताना उरलेले. यंत्र जाताना सगळे घालते आणि येताना त्यांच्यावर पुन्हा सगळे, म्हणून रेषा दुप्पट जाड उमटते. शिवाय यंत्राची सुई धागा मोजीत नाही. चौकटीत कापड केसभर तिरपे बसले, की नक्षी विणीला सोडून चालू लागते. तीन वेळा गोपूर कलले. चौथ्या वेळी मातोश्रींनी कापड उलटे केले, सुलटे केले, पुन्हा उलटे केले. ‘ही पाठ म्हणता येईल,’ त्या म्हणाल्या. आम्हांस वाटते, ही स्तुतीच होती. मागील पडद्याची जी पट्टी आपण आज पाहात आहात, ती याच आराखड्यांवरून भरली आहे. तिच्या कोपऱ्यात ‘यंत्रावर भरलेले’ अशी अक्षरे आहेत. तो मातोश्रींचा आग्रह.

त्या पट्टीत गोपूर आहे, वृंदावन आहे, हत्ती आणि पालखी आहे. रथ नाही. रथाच्या चाकाची मोजणी मातोश्रींना आठवत नाही, आणि पदरावरचे ते चाक नेमके घडीवर येऊन फाटले आहे. अकरा घरांपर्यंत त्या सांगतात, पुढे थांबतात. कन्या अंदाजाने पुरे करू म्हणाली. त्यांनी करू दिले नाही. टॅब्लेटवर तो रथ अर्ध्या चाकाचा उभा आहे.

तेव्हा विनंती एवढीच. आपणांपैकी कोणाच्या ट्रंकेत धारवाड-हुबळीकडची जुनी चंद्रकळा असेल, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती घेऊन यावी. लुगडे कोणी मागणार नाही. मातोश्री हातात भिंग घेऊन बसतील, कन्या जाळी उघडून बसेल, आणि चाकाची घरे मोजून झाली की लुगडे आपल्याच घडीने परत मिळेल. चहा आमच्याकडे.