तेलाच्या झाकणाखालची साय



गेल्या डिसेंबरांतील एका सकाळीं लातूरहून आमच्या दाजींचा दूरध्वनि आला. दाजी निवृत्त अध्यापक. त्यांच्या आवाजांत एरवीं वर्गावरचा करडेपणा असावयाचा. त्या दिवशीं तो नव्हता. मोटारीच्या इंजिनांत तेल घालावें म्हणून त्यांनीं झाकण उघडलें, तों आंतल्या बाजूस पिवळसर पांढरी साय जमलेली! मिस्त्रीनें ती पाहतांच, "हेड गॅस्केट गेलें, इंजिन खोलावें लागेल," असा निकाल दिला, आणि जो खर्च सांगितला त्यांत दाजींचें महिन्याचें निवृत्तिवेतन सहज गेलें असतें.

मीं नांदेडहून त्यांना तीन प्रश्न विचारले. तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहिली, तर तिच्यावरचें तेल दुधाळ आहे काय? गार इंजिनांत कूलंटची पातळी खुणेच्या खालीं गेली आहे काय? आणि गाडी रोज चालते किती? पहिल्या दोहोंचें उत्तर "नाहीं" असें आलें. तिसऱ्याचें उत्तर मात्र सारें कांहीं सांगून गेलें. "नातीला सकाळीं शिकवणीला सोडतों आणि दोन तासांनीं आणतों. अंतर दीड किलोमीटर."

एक लिटर पेट्रोल जळतें, तेव्हां त्यांतील हायड्रोजनाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतें. लातूरकरांस हें ऐकून हंसावें कीं रडावें तें कळणार नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत ज्या शहरासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच शहराच्या रस्त्यांवर पेट्रोलची प्रत्येक मोटार लिटरामागें लिटर पाणी हवेंत सोडीत होती! असो. हें पाणी बहुतेक वाफेच्या रूपानें सायलेन्सरांतून निघून जातें. परंतु थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांच्या फटींतून खालीं, तेलाच्या कोठींत उतरते. इंजिन पुरेसें तापलेलें असेल, तर ती तेथें टिकत नाहीं. एक लहानशी झडप तिला ओढून पुन्हां इंजिनाच्या श्वासांत घालते, व ती जळणाबरोबर बाहेर पडते.

पण दीड किलोमीटरांत इंजिन तापणार कसें? येथें एक फसगत होते. तापमानाचा कांटा मध्यावर येतो तो कूलंटचा. तेल त्याच्या बरेंच मागून तापतें. त्या अवधींत आंतली वाफ गार जागा शोधते. झाकण असतें वरच्या टोकास, बाहेरच्या थंड हवेंत. डिसेंबरांत गोदेकांठीं धुकें पडतें, त्या दिवसांत तर तें फारच गार. तेथें वाफेचें पाणी होतें, तें तेलाच्या तुषारांशीं घुसळलें जातें, आणि साय धरते. दुधांत स्निग्धांशाचे कण पाण्यांत विखुरलेले असतात. येथें उलट, पाण्याचे कण तेलांत. दोहोंकडे प्रकाश त्या कणांवर विखुरतो, म्हणून दोन्हीं पांढुरकीं दिसतात.

मीं दाजींना म्हटलें, "झाकण फडक्यानें पुसा, आणि आक्काला घेऊन नांदेडास या." चाकूर, अहमदपूर, लोहा करीत ते दुपारीं आले. इंजिन निवाल्यावर आम्हीं झाकण उघडलें. तें तेलानें ओलें होतें, पण स्वच्छ. त्यानंतर दोन-तीन आठवडे कूलंटवर नजर ठेवावयास सांगितलें. पातळी हलली नाहीं.

त्या मिस्त्रीस मी सर्वस्वीं दोष देत नाहीं. त्याचें भय निराधार नव्हतें. घाई मात्र होती. हेड गॅस्केट खरोखरीच गेलें, तर अशीच साय दिसूं शकते. मग ती झाकणापुरती राहत नाहीं. पट्टीवरचें तेल दूध घातलेल्या कॉफीसारखें होतें, कूलंट गळती न दिसतां कमी होत जातें, इंजिन तापूं लागतें, आणि गाडी चांगली गरम झाल्यावरहि सायलेन्सरांतून दाट पांढरा धूर येत राहतो. यांतील एकहि खूण दिसली, तर "नांदेडास या" हा माझा सल्ला घातक ठरेल. कूलंट मिसळलेलें तेल बेअरिंगांस वंगण पुरवीत नाहीं, आणि अशी गाडी दहा मैल दामटली तर थोडक्यांत निभावणारें काम सबंध इंजिनावर जातें. ती ओढूनच न्यावी. पातळी पाहण्यासाठीं गरम रेडिएटरचें झाकण तर कधींच उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर उडतें. आणि पातळी कमी भरली म्हणून बोअरचें जड पाणी ओतूं नये, त्याचा क्षार आंत बसतो. टंचाईच्या त्या उन्हाळ्यांत दाजींनींहि तें केलें होतें, हें त्यांनीं मला परवां कबूल केलें!

राहतां राहिला तेलाचा प्रश्न. शिकवणीच्या फेऱ्या मारणारी गाडी वर्षांत किलोमीटर फार करीत नाहीं, म्हणून तेल बदलावयाचें राहून जातें. अशा गाडीचें तेल अंतर पाहून नव्हे, महिने मोजून बदलावें. पाण्याच्या सहवासानें तें लवकर निकामी होतें. दाजींनीं फेब्रुवारींत बदलून घेतलें, त्याच मिस्त्रीकडून. खालच्या भांड्यांत पडलेलें जुनें तेल काळें होतें, दुधाळ नव्हतें.